रतनवाडीत तीन दिवस: कधी जायचं, कुठं राहायचं, काय काय बघायचं

भंडारदऱ्याला जाणारी बहुतेक मंडळी काय करतात, तर पहाटे मुंबई-पुण्याहून निघतात, दुपारी धरणावर पोचतात, गाडीतूनच जलाशयाला एक चक्कर मारतात, अमृतेश्वराच्या देवळात दहा मिनिटं, सांदण दरीच्या तोंडाशी दहा मिनिटं, फोटो झाले की संध्याकाळी परत घोटीचा रस्ता. पहिल्यांदा मी पण असंच केलं होतं. मग दोन वर्षांनी आम्ही चौघंजण रतनवाडीतच तीन रात्री राहिलो आणि तेव्हा कळलं की हे गाव संध्याकाळी पाच नंतर आणि सकाळी आठच्या आधी बघायचं असतं, म्हणजे नेमकं ज्या वेळेला गाडीवाले पर्यटक तिथं नसतात. तेव्हापासून कुणीही विचारलं की मी एकच सांगते, तीन दिवस काढा आणि मुक्काम एकाच गावात ठेवा, रोज सामान उचलून हॉटेल बदलू नका.

रतनवाडी अकोले तालुक्यात, अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्यात, भंडारदरा जलाशयाच्या अगदी शेपटाला आहे. वर रतनगड, गावातून वाहणारी प्रवरा, आणि आजूबाजूला कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचं जंगल. हे अभयारण्य १९८६ सालचं, म्हणजे तुम्ही फिरताय ती जागा रिसॉर्टची बाग नाहीये, शेकरूचं आणि बिबट्याचं घर आहे, आणि इथले बरेचसे नियम त्यामुळे आहेत. गाव महादेव कोळी आणि ठाकर लोकांचं, भातशेती करणारं.

आधी ठरवा, कधी जायचं

हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण एकाच गावाची चार वेगळी रूपं आहेत आणि एका ट्रिपमध्ये सगळी मिळत नाहीत. धबधबे बघायचे तर जुलै-ऑगस्ट, पण तेव्हा सांदण दरी बंद आणि रतनगडाचे ओढे भरलेले, म्हणजे ट्रेकचं नाव काढायचं नाही, फक्त गाव आणि रस्त्यावरून दिसेल ते. सह्याद्रीचा ऐन घाटमाथा असल्यामुळे पाऊस असा पडतो की तीन-तीन दिवस समोरचा डोंगर दिसत नाही, ही तयारी मनाची ठेवा. फुलं बघायची तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा, सोनकीनं पठारं पिवळी होतात, तेरडा गुलाबी असतो, आणि नशीब असेल तर कारवी. कारवी साधारण सात वर्षांतून एकदा फुलते आणि सगळ्या डोंगरांवर एकाच वर्षी फुलेल असं नसतं, म्हणून गावात फोन करून विचारूनच जा.

किल्ला आणि सांदण दोन्ही करायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी. थंडी कडाक्याची असते, पहाटे तर बोटं वळत नाहीत, पण हवा स्वच्छ, वाटा कोरड्या. आणि काजवे बघायचे तर मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा, त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी जानेवारी सांगते. सगळं नीट चालून बघता येतं.

पोचायचं कसं

मुंबईहून किंवा नाशिकहून येणाऱ्यांनी घोटी गाठायचं, तिथून बारी गावावरून शेंडी. शेंडी म्हणजेच ज्याला सगळे भंडारदरा म्हणतात ते गाव, एसटीच्या बोर्डावर काय लिहिलंय ते बघताना हे लक्षात ठेवा. रेल्वेनं यायचं तर इगतपुरी, मग घोटी, मग एसटी किंवा वडाप जीप. पुण्याहून संगमनेर-अकोले-राजूर-शेंडी हा सरळ रस्ता. शेंडीपासून रतनवाडी वीसेक किलोमीटर, जलाशयाच्या कडेकडेनं मुतखेल, कोलटेंभे अशी गावं घेत. हा शेवटचा टप्पा एसटीच्या भरवशावर ठेवू नका, शेंडीतून गाडी ठरवा किंवा ज्यांच्याकडे राहणार आहात त्यांनाच सांगा, ते कुणालातरी पाठवतात. पाणी भरपूर असलं की शेंडीहून बोटीनंही रतनवाडीला जाता येतं, वेळ असेल तर एकदा तरी तसं जा, रतनगड हळूहळू मोठा होत समोर येतो.

शेंडीत शिरताना वनखात्याचा नाका लागतो, माणशी आणि गाडीची पावती फाडायची आणि ती जपून ठेवायची. पेट्रोल घोटीला किंवा अकोल्यातच भरा. पैसे रोख न्या, कारण रेंज गेली की फोनवरून पैसे देणं बंद, आणि रेंज जातेच.

राहायचं कुठं

गावात बऱ्याच घरांत जेवणाची आणि राहायची सोय होते. एखादी खोली किंवा ओसरी, गाद्या, पांघरुणं, चुलीवर तापवलेलं पाणी. जलाशयाकाठी तंबूही मिळतात, पण माझं मत विचाराल तर घरातच राहा. तंबूंच्या जागी शनिवारी रात्री स्पीकर लागलेले मी ऐकलेत आणि ज्या शांततेसाठी आपण एवढे लांब येतो तीच राहत नाही.

फोनवर बुकिंग करताना चार गोष्टी सरळ विचारा: माणशी किती आणि त्यात किती वेळचं जेवण, संडास घरात आहे की बाहेर, पांघरुणं आहेत की स्लीपिंग बॅग आणायची, आणि गडावर वाटाड्या मिळेल का. किती माणसं, किती वाजता पोचणार, शाकाहारी किती हे आदल्या दिवशी परत कळवा. मावशींना भाजी बाजारातून आणावी लागते, ऐनवेळी चाराचे आठ झाले तर त्यांची धावपळ होते. आम्ही ज्या घरी होतो तिथल्या मावशी चुलीपुढे बसून नागलीच्या भाकऱ्या थापायच्या, काठवटीत पीठ मळायच्या, थापताना हाताला पाणी लावायच्या, तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायच्या आणि मग ती निखाऱ्यावर उभी करायच्या, तव्यावर नाही, आणि ती तिथं टम्म फुगायची. पहिल्या दिवशी आम्ही आत जेवायला बसलो, दुसऱ्या दिवसापासून सगळे चुलीपाशीच. पिठलं, ठेचा, कांदा, आणि इथला तांदूळ, एवढंच जेवण होतं आणि अजून आठवतं.

उन्हाळ्यात गेलात तर पाणी फार जपून वापरा. समोर एवढा जलाशय दिसतो म्हणून वाटत नाही, पण पाऊस कितीही पडला तरी कातळात मुरत नाही, उतारानं वाहून जातो आणि एप्रिल-मे मध्ये बायकांना हंडे घेऊन लांब जावं लागतं. बादलीभर पाण्यात आंघोळ होते.

पहिला दिवस: देऊळ, नदी आणि काहीही घाई नाही

दुपारपर्यंत पोचा, जेवा, थोडं आडवे व्हा, आणि चारनंतर अमृतेश्वराला जा. हे देऊळ शिलाहारांच्या काळातलं मानतात, झंझ राजानं बांधलं असं सांगतात, म्हणजे हजार वर्षांहून जुनं. लोक हेमाडपंती म्हणतात, पण शिखर बघाल तर ते भूमिज पद्धतीचं आहे, म्हणजे मोठ्या शिखराच्या अंगावर त्याच शिखराच्या छोट्या छोट्या प्रतिकृती ओळीनं वर चढत गेलेल्या. थोडं लांब उभं राहून आधी ते बघा, मग जवळ जाऊन खांब बघा, एकेका खांबावर किती नक्षी आहे ते बोट न लावता नुसतं डोळ्यांनी फिरत बघायला अर्धा तास पुरत नाही. भर पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी चढतं आणि पिंड पाण्याखाली जाते. थंडीत पाणी नसलं तरी आत शिरल्यावर पायाखालचा दगड असा गार लागतो की आपोआप आवाज खाली येतो.

देवळाच्या थोडं अलीकडे पुष्करणी आहे, ती बरेच जण बघतच नाहीत, गाडी पुढे जाऊन लागते म्हणून. चारी बाजूंनी कोनाडे, त्यात विष्णूच्या मूर्ती, मधे पायऱ्या उतरत गेलेल्या. संध्याकाळचं तिरपं ऊन कोनाड्यांत शिरतं तेव्हा जा. पाण्यात उतरू नका, पाय धुवू नका.

मग नदी. प्रवरेचा उगम रतनगडावर आहे, तिला अमृतवाहिनी म्हणतात, इथं ती गुडघाभर खळाळता ओढा असते आणि खाली नेवाशाजवळ प्रवरासंगमाला गोदावरीला मिळेपर्यंत मोठी नदी होते. आणि समोर जे पाणी पसरलंय ते हिलाच अडवून साठवलेलं. धरण १९२६ ला पुरं झालं, विल्सन डॅम, ८२ मीटर उंच दगडी बांधकाम, तेव्हाच्या काळात देशातल्या सगळ्यात उंच धरणांपैकी. जलाशयाला आधी आर्थर लेक म्हणायचे, आता आद्य क्रांतिकारक राघोजी भांगरे यांचं नाव आहे. राघोजी इथलेच, याच अकोले तालुक्यातले, इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. गावातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसलात तर त्यांच्या गोष्टी ऐकायला मिळतात, फोन खिशात ठेवून ऐका.

जलाशयात पोहू मात्र नका. काठावर गाळ असतो, उतार एकदम तुटतो, आणि मदत यायला वेळ लागतो.

दुसरा दिवस: रतनगड

उंची १२९७ मीटर. गावातून वर जायला तीन ते साडेतीन तास, उतरायला अडीच, वर फिरायला दोन तास, म्हणजे सकाळी सहाला निघालात तर दुपारी तीनपर्यंत आरामात खाली. सहा म्हणजे सहा. आठला निघालेल्या ग्रुपना शिड्यांपाशी गर्दीत उभं राहावं लागतं आणि ऊन डोक्यावर येतं.

वाटाड्या घ्या. हे मी आग्रहानं सांगतेय कारण आमच्या पहिल्या वेळी आम्ही घेतला नव्हता. वाट सुरुवातीला नदीच्या पात्रातून, दोन-तीनदा पात्र ओलांडून मग दाट जंगलात शिरते आणि चढू लागते, तिथपर्यंत मळलेली आहे, चुकत नाही. पण पुढे एक फाटा येतो, सरळ जाणारी वाट कात्राबाईच्या खिंडीकडून हरिश्चंद्रगडाला जाते आणि उजवीकडची रतनगडाला. सरळ वाट जास्त रुंद दिसली म्हणून आम्ही सरळ गेलो, तासभर चालल्यावर गुरं राखणाऱ्या एका मुलानं विचारलं, कुठं निघालाय, हरिश्चंद्रला का? मग परत मागं. पाणी निम्मं संपलेलं. वाटाड्या असता तर हे झालं नसतं, शिवाय त्या माणसाला रोजगार मिळतो, आणि कुठलं झाड हिरड्याचं, कुठलं पाऊल कुणाचं हे तो चालता चालता सांगतो, ते पुस्तकात मिळत नाही. त्यांना दादा म्हणा, मामा म्हणा, नावानं हाक मारायची असेल तर आधी नाव विचारा, 'ए गाईड' म्हणू नका.

शिड्या लोखंडी आहेत, कातळाला टेकवलेल्या. चढताना दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून फोन गळ्यात, काठी बॅगेत, कॅमेरा आत. एका वेळी एकच माणूस एका शिडीवर. उतरताना तोंड शिडीकडे ठेवूनच उतरायचं, समोर दरीकडे तोंड करून पायऱ्या उतरल्यासारखं उतरायला जाऊ नका, पाठीवरची बॅग शिडीला अडकते आणि तोल जातो. इथं माकडं आहेत, हातात पिशवी किंवा बिस्किटाचा पुडा दिसला की येतात, शिडीवर असताना असं काही झालं तर धोक्याचं आहे, खाणं सगळं बॅगेत चेन लावून.

शिड्या संपल्या की गणेश दरवाजा, मग रत्नादेवीची गुहा आणि बाजूला मोठी गुहा जिथं मुक्काम करता येतो. पुढे हनुमान दरवाजा, राणीचा हुडा म्हणतात तो बुरूज, कोकण दरवाजा, कातळात खोदलेली पाण्याची टाकी. टाक्यातलं पाणी प्यायचं तर गाळून, औषधाची गोळी टाकून, आणि टाक्यात हात-पाय-ताटं काहीही धुवायचं नाही, दुसऱ्याच्या पिण्याचं पाणी आहे ते.

आणि मग नेढं. डोंगराच्या माथ्याला आरपार पडलेलं भोक, माणूस आत उभा राहील एवढं मोठं. वारा आणि पाणी लाखो वर्षं कातळाचा कच्चा थर खात राहिले तेव्हा असं होतं. चढायला शेवटचा थोडा दगडांचा चढ आहे, घसरडा, हळू जा. आत बसलं की एका बाजूनं गार वारा तोंडावर येतो आणि तोच पाठीवरून दुसरीकडे जातो, बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नाही. उत्तरेला अलंग-मदन-कुलंग, उजवीकडे लांब कळसूबाई, खाली जलाशय, दुसऱ्या बाजूला आजोबा डोंगर आणि कोकणात उतरणारे कडे. अर्धा तास बसा. नंबर लावून फोटो काढणारे मागे उभे असतील तर त्यांना जागा द्या आणि गर्दी गेली की परत बसा.

त्र्यंबक दरवाजानं उतरून साम्रदला जाता येतं, ती वाट सुंदर आहे, कातळात कोरलेल्या पायऱ्या आहेत, पण पायऱ्या उंच आणि झिजलेल्या, त्यामुळे वाटाड्या सोबत असेल आणि सगळ्यांची चालायची सवय असेल तरच.

कड्यांवर आग्यामोहोळं असतात. अत्तर, डिओ लावून जाऊ नका, धूर करू नका, आरडाओरडा नको. गवतात फुरसं असतं, म्हणून बूट घोट्याच्या वरचे आणि दगडावर बसण्याआधी दगड बघून बसायचं.

तिसरा दिवस: सांदण दरी आणि घाटघर

साम्रद रतनवाडीच्या पुढचंच गाव. सांदण म्हणजे जमिनीला गेलेली भेग, दोन्ही बाजूंना दोन-तीनशे फूट सरळ कातळ आणि मधे कुठं कुठं दोन माणसं शेजारी चालतील एवढीच जागा. ऊन खालपर्यंत फार थोडा वेळ पोचतं. सकाळी लवकर जा. आत दोन ठिकाणी पाणी लागतं, पहिल्याला साधारण मांडीपर्यंत, दुसऱ्याला छातीपर्यंत येऊ शकतं, ऋतूनुसार कमी-जास्त, आणि ते थंडीत इतकं गार असतं की आत पाय टाकला की श्वास अडतो. बूट घालूनच पाण्यात उतरा, तळाचे दगड धारदार आणि शेवाळलेले असतात. कोरडे मोजे आणि एक पँट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून न्या. पुढे सगळे मोठमोठे धोंडे, त्यांच्यावरून हात टेकत जायचं. जिथून सरळ कडा तुटतो आणि दोर लागतो, तिथून मागं फिरा. पुढे रॅपलिंग आहे, ते करायचं असेल तर सामान असलेल्या, अनुभवी माणसांसोबत वेगळा दिवस काढून करायचं.

आभाळ जरा जरी भरून आलं तरी सांदणमध्ये पाऊल टाकू नका. पाऊस वर पठारावर पडतो आणि पाणी भेगेतून येतं, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. पळायला बाजूला जागाच नाही. गावकरी नको म्हणाले की विषय संपला.

दुपारी साम्रदला जेवून घाटघरला या, कोकणकड्याच्या टोकाशी. इथं जमीन संपते आणि खाली एकदम कोकण. इथला वीजप्रकल्प २५० मेगावॅटचा, रात्री वीज उरते तेव्हा खालच्या धरणातलं पाणी वर चढवायचं आणि लागेल तेव्हा तेच खाली सोडून वीज करायची अशी पद्धत. सूर्यास्त इथंच बघा, कठड्याच्या आत उभं राहून. वारा फार असतो, मुलांचा हात सोडू नका.

एक जास्तीचा दिवस असेल तर कळसूबाई करा, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, बारी गावातून वाट, येता-जाता रस्त्यातच आहे. रंधा धबधबा शेंडीहून राजूरकडे जाताना लागतो, पावसाळ्यात लांबूनच बघायचा, कठडा ओलांडायचा नाही. धरणाखालचा अंब्रेला फॉल पाणी सोडलेलं असेल तरच दिसतो, त्याच्यासाठी मुद्दाम थांबू नका.

काजव्यांसाठी जाणार असाल तर

शनिवार-रविवार टाळा, काहीही करून टाळा. त्या दोन दिवशी गाड्यांची रांग लागते आणि हेडलाइटच्या उजेडात काजवे विझून जातात. मंगळवार-बुधवारची एखादी रजा टाका. वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्या की हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर ते येतात, आणि एका झाडावरचे हजारो एकदम लुकलुकतात, मग एकदम अंधार, मग परत. ते नर मादीला खुणावत असतात, तो उजेड म्हणजे त्यांची भाषा आहे, आणि आपण टॉर्च मारली की ती भाषा बुडते. आपल्याला तो तमाशा वाटतो, पण पुढच्या वर्षीचे काजवे त्याच रात्री ठरत असतात.

म्हणून टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद लावा आणि जमिनीकडे धरा. फ्लॅश बंद. फांदी हलवायची नाही, बरणीत पकडायचे नाहीत, मुलांनी हट्ट केला तरी. पायवाट सोडून गवतात शिरू नका, मादी तिथंच ओल्या मातीत अंडी घालते आणि अळ्या तिथंच गोगलगायी खाऊन वाढतात. दिवस असतानाच वाटाड्यासोबत झाड हेरून ठेवा, अंधार पडायच्या आधी तिथं जाऊन शांत बसा, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं लागतात. वनखातं या दिवसांत रात्री फिरण्याच्या वेळा ठरवून देतं, नाक्यावर विचारून घ्या.

बॅगेत काय

माणशी तीन लिटर पाणी, हेडटॉर्च आणि जास्तीचे सेल, ओआरएसची पाकिटं, चिकटपट्टी आणि बँडेज, नेहमीची औषधं, शिट्टी, थंडीत कानटोपी आणि जाड जॅकेट, पावसाळ्यात छत्रीऐवजी रेनकोट कारण इथल्या वाऱ्यात छत्री उलटते. दोन रिकाम्या पिशव्या कचऱ्यासाठी. जे प्लास्टिक वर नेलं ते खाली, आणि खालचं गावातही न टाकता शहरात परत, गावात कचरा न्यायला गाडी येत नाही, तो शेवटी जाळला जातो किंवा ओढ्यातून जलाशयात जातो.

भाताच्या खाचरांच्या बांधावरून चालताना एकामागे एक चाला, बांध खचला की पाणी निघून जातं. घरांचे, बायकांचे, म्हाताऱ्यांचे फोटो विचारून काढा. निघताना घरून नागली, तांदूळ, हिरडा, मध काही विकत मिळत असेल तर घ्या आणि भाव पाडू नका. आम्ही निघालो तेव्हा मावशींनी दोन भाकऱ्या आणि ठेचा कागदात बांधून दिला, वाटेत खा म्हणाल्या, त्याचे पैसे घ्यायला तयार नव्हत्या, तो आम्ही बारीच्या पुढे गाडी थांबवून कळसूबाईकडे बघत खाल्ला.